राणीच्या पेटीतले तीस रातकिडे

मित्रांनो, मी एक जुनी, भिंतीवरची पाल आहे. लगेच नाक मुरडू नका. माझी शेपटी दुसरी आहे. पहिली शिंपीकाकांच्या झाडूखाली गेली.

या घरात शिंपीकाका आणि त्यांची लेक छकुली राहतात. जुन्या कॅलेंडरमागे मी अंड्यातून बाहेर आले. तेव्हापासून शिलाई मशीनवरच्या ट्यूबलाइटपाशी माझी नोकरी. डास, पतंग, कापडाला लागणारी कसर, सगळं मी खाते. एकदा काका गिऱ्हाइकाला अभिमानाने म्हणाले की आमच्या कापडाला कसर म्हणून लागत नाही. कष्ट माझे आणि शाबासकी मिळाली डांबराच्या गोळ्यांना.

मग छकुलीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने काचेची पेटी आणली. आत एक पिवळी, ठिपक्यांची, गुबगुबीत पाल. म्हणे गेको! अहो, पालच ती. पण मला झाडू आणि तिला 'राणी' अशी हाक. पोटाखाली गरम गादी, पाण्याची ताटली, ओलं शेवाळ घातलेली गुहा. जेवायला रातकिडे, तेही पांढऱ्या पावडरीत घोळवून, हाडं मजबूत व्हावीत म्हणून. माझ्या हाडांची कुणी कधी चौकशी केली नाही. बाईंना साधी भिंत चढता येत नाही! पण तिला पापण्या आहेत. ती हळूच डोळे मिटायची आणि छकुली विरघळायची. मला पापण्याच नाहीत. नुसता जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

एकदा बापलेक दोन दिवसांसाठी आत्याकडे निघाले. राणीची कात निघायला आली होती. पांढुरकी होऊन ती गुहेत पडून होती. अशा वेळी आम्हाला अन्न जात नाही, हे छकुलीला ठाऊक नव्हतं. एरवी ती पाच रातकिडे मोजून टाकायची आणि उरलेले काढून घ्यायची. राणी उपाशी राहू नये म्हणून त्या दिवशी तिने मायेपोटी तीस सोडले.

तीस! माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर रातकिडेच भुकेले झालेले. राणीच्या बोटांवर कात अडकली होती, तिथे ते चावत होते. शेपटीवरही जखम झाली होती. ती पाय झाडायची, ते पुन्हा यायचे. आधी मला बरंच वाटलं. भोग म्हटलं आता लाडाची फळं. मग तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

पेटीच्या झाकणाला गादीच्या वायरीसाठी भोक आहे. मी आत शिरले. तिला वाचवायला नव्हे, पोटासाठीच. तिच्या मनात आलं असतं तर मी तिच्या दोन घासांची, म्हणून भीतीने पाय उचलत नव्हते. तरी तिच्या बोटावरचा पहिला खाल्ला, शेपटीवरचा दुसरा. मग मोजायचं सोडून दिलं. पोट इतकं फुगलं की त्या भोकातून मला बाहेर पडता येईना.

सकाळी दार उघडलं. काकांनी मला पेटीत पाहिलं आणि झाडू उचलला. "हीच चावली बघ राणीला," ते म्हणाले.

छकुली वाकली. माझ्या तोंडात एका रातकिड्याची तंगडी अजून लोंबत होती, कारण पोटात जागाच नव्हती. राणीच्या पायाला दुसरा रातकिडा चिकटला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग राणीकडे.

"बाबा, झाडू ठेवा," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी ओल्या कापसाने कात सोडवली, मलम दिलं. राणीचं एक बोट गेलं, जीव राहिला. छकुली त्या दिवशी जेवली नाही.

मित्रांनो, पाळाल त्याला जीव लावा, पण माप सोडून नको. शिंप्याची लेक आता बेताचंच वाढते. कात निघताना एकही किडा टाकत नाही. उरलेले किडे चिमट्याने उचलून ती ट्यूबलाइटखालच्या फळीवर ठेवते. माझ्यासाठी, आणि पावडर लावलेले!

त्या पापण्यांवर मी अजून जळते. पण फळीवर आले की आधी पेटीत डोकावते. राणी हलली, की मगच जेवते.