एक मीटर सोळा

गच्चीच्या लोखंडी दाराला कुलूप लावून आप्पासाहेबांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"आता मोजा पुन्हा," ते म्हणाले. "आकडा बरोबर आला की खाली जायचं. तोवर नाय."

कालिंदी धारूरकरने तिपाईचे पाय पुन्हा तपासले. मे महिना, सकाळचे साडेअकरा. चिकलठाण्यातल्या 'कडूबा हाइट्स'च्या गच्चीवर सावली होती ती फक्त पाण्याच्या टाकीची, आणि मोजायची होती तीही टाकीच. विमानतळाभोवतीच्या इमारतींची उंची तपासणे हे तिचे काम. या टाकीचे टोक समुद्रसपाटीपासून ५९९ मीटरच्या वर जायला नको होते. तिचे यंत्र ६००.१६ दाखवत होते.

"तीन वेळा मोजलंय," ती म्हणाली.

"मग हे काय हाय?" त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला दाखला तिच्या तोंडासमोर धरला. तीन वर्षांपूर्वीचा, एका खासगी सर्वेक्षकाचा. उंची ५९९.००. "सही हाय, शिक्का हाय. तुमच्या यंत्रालाच ऊन लागलंय."

कालिंदीचा अहवाल पाच वाजेपर्यंत जायचा होता. त्यात हा फरक लिहिला की टाकी आणि लिफ्टची खोली पाडावी लागणार, आणि दाखला खोटा म्हणून आप्पासाहेबांवर फसवणुकीचा गुन्हा. दोघांनाही हे ठाऊक होते.

"धावपट्टी केली तवा आमची बारा एकर गेली," आप्पासाहेब म्हणाले. "तुमचे आजे-पणजे कुलकर्णी. जमिनीला दोरी तेच लावायचे. आता तुम्ही आभाळाला लावायलात, व्हय?"

कालिंदीचे पणजोबा धारूरला खरोखरच कुलकर्णी होते.

"इमान तर पार तिकडून वर जातंय. माझ्या टाकीला काय करतंय ते?"

"दोन्ही इंजिनं चालू असतात तेव्हा वरून जातं. उडताना एक बंद पडलं तर ते हळूहळू चढतं. किती हळू, ते आधीच मोजलेलं असतं, आणि त्या हिशेबात तुमची टाकी ५९९ ला संपते."

"एका मीटरनं?"

"एक मीटर सोळा सेंटिमीटर."

आप्पासाहेब हसले, पण ते हसू चांगले नव्हते. "संध्याकाळपातूर बसा मग उन्हात. पाणी पण मिळणार नाय."

तिने दाखला हातात घेतला आणि मागची बाजू वाचली. आधीच्या माणसाने उंची कुठून मोजायला सुरुवात केली ते तिथे लिहिले होते: गट क्रमांक ४१च्या बांधावरचा दगड, त्यावर कोरलेला बाण, उंची ५८१.४०. जुन्या सर्वेक्षणाची खूण. अशा दगडाची उंची सरकारी नोंदीत कायमची असते, म्हणून बाकी सगळे त्याच्यापासून मोजतात. तिने मात्र उपग्रहावरून आणि विमानतळाच्या आतल्या खुणेवरून मोजले होते.

"गट एक्केचाळीस कुठं आला?"

"ते काय, भैरोबा."

तिने यंत्राची दुर्बीण तिकडे वळवली. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली पांढऱ्या फरशीचा ओटा होता, त्यावर शेंदूर फासलेला दगड. शेंदराखालून तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या दिसत होत्या. लोकांना तो त्रिशूळ वाटला असणार. तिने दगडाच्या माथ्याची उंची घेतली. ५८२.५६.

तिने वजाबाकी केली, मग पुन्हा एकदा केली.

"आप्पासाहेब, तुमचा दाखला खोटा नाही. दगड खोटा आहे. कुणीतरी तो एक मीटर सोळा वर उचललाय. हा ओटा कधी बांधला?"

आप्पासाहेब ओट्याकडे बघत राहिले. मग कठड्यावरून खाली ओरडले, "माय! वर ये."

कुलूप त्यांनीच काढले. साळूबाई पाच मजले चढून आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, तरी त्यांनी आधी कालिंदीला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"ओटा म्या बांधला. मालक गेले त्याच्या पुढच्या साली. पाच वर्सं झाली. देव चिखलात बुडायचा, कुत्री तंगडी वर करायची. गवंड्यानं पहारीनं उचलून वर बसवला. का?"

कालिंदीने सांगितले. दाखला तीन वर्षांपूर्वीचा, ओटा पाच. म्हणजे आप्पासाहेबांनी फसवले नव्हते. गुन्हा टळेल, टाकी मात्र जाईल.

"आणि त्याच दगडावरून आणखी कुणी दाखले घेतले?"

आप्पासाहेबांचा चेहरा बदलला. समोर ओळीने चार नव्या इमारती होत्या, चारही भावकीतल्या, चौघांचे दाखले त्याच दगडावरून. पहिली चुलतभाऊ पुंजारामची.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "मला चोर लिहा. गुन्हा लावा. ओट्याचं नाव काढू नका. मायनं केलं म्हणून चार घरांच्या टाक्या पडल्या, असं झालं तर गल्ली तिला जगू देणार नाय."

"तुम्हाला चोर लिहिलं तर त्या चार टाक्या तशाच राहतील. विमान त्यांच्याही वरून जातं."

"राहू द्या की! इतकी वर्सं काय पडलं?"

"नाही," कालिंदी म्हणाली.

"माझं पोरगं चोर नाय," साळूबाई म्हणाल्या. "लिही माझं नाव. सही येती मला."

कालिंदीने जबाब लिहिला. त्याखाली त्यांनी एकेक अक्षर दाबून सही केली आणि पेन तिच्याकडे न देता खाली टाकले.

"देव हलवणार का?"

"नाही. फक्त नोंदीतला आकडा बदलेल."

"पुन्हा तिथं पट्टी घेऊन दिसलीस तर पाय मोडीन."

आप्पासाहेबांनी फोन लावला. "पुंजाराम, टाकी जाणार तुझी. माझी पण. नाय, मॅडमनं नाय केलं. मायचा ओटा..." पलीकडून आलेली शिवी गच्चीवर सगळ्यांना ऐकू आली. साळूबाईंनी फोन हिसकावला.

"पुंज्या! तुझ्या लग्नाचा नारळ त्याच ओट्यावर फोडला का नाय? तवा गोड लागला? ये इकडं, तोंडावर बोल."

समोरचे फाटक उघडले. सहा-सात माणसे रस्ता ओलांडून आली आणि खालच्या दारात उभी राहिली.

"थांबा जरा वर," आप्पासाहेब म्हणाले. "तापलेत ते."

कालिंदीने यंत्र पेटीत ठेवले, तिपाई खांद्यावर घेतली आणि घड्याळ पाहिले. बाराला दहा कमी होते. ती जिना उतरू लागली. मागून कुणी आले नाही.

दारात पुंजारामने हात आडवा लावला. "कोण ती मोजणारी बाई?"

"मी," ती म्हणाली. "तुमची टाकी मोजायचीय. बाजूला व्हा."