बावटा कोणता?

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि स्वभावाने संशयी आहे. एका सुताराने मला मोडक्या वल्ह्यातून तासून काढलं. जे लाकूड ऐन लाटेत मोडलं, त्याचा विश्वास कोणावर बसणार?

माझे मालक बंदरावर बावटे चढवायचे. समुद्र खवळला की लाल, शांत असला की पांढरा. नोकरी संपल्यावर ते भूशिरावरच्या घरात एकटे राहू लागले. आम्ही दोघं रोज कड्याच्या वाटेने गावात उतरायचो. चहावाला माझं कौतुक करायचा, काठी काय तुकतुकीत ठेवलीय म्हणायचा. मला बरं वाटायचं, पण हा फुकट स्तुती का करतो, अशी शंकाही यायची.

पुढे मालकांची नजर गेली, अगदी हळूहळू. ते मला टेकवून वाट चाचपायचे. इथे माती, इथे कातळ, हे मी आवाजाने सांगायचे. बाकी कोणाला आम्ही ताकास तूर लागू दिली नाही. कळलं असतं तर मुलाने त्यांना शहरात, तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं असतं आणि समुद्र सुटला असता.

एका सकाळी सून एकटीच आली. म्हणाली, आज दिवसभर किनाऱ्याची दोन्ही टोकं फिरू, मध्ये गावात जेवू. माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला चालायची हौस कधीपासून? वाटेत ती मुद्दाम मागे राहून त्यांचं चालणं बघत होती. गावात तिने दुकानाची पाटी वाचायला सांगितली. मालकांनी चष्मा विसरल्याची थाप मारली. मासळीबाजारात मात्र त्यांनी वासावरून मासे ओळखले. मी मनातल्या मनात तिला ठेंगा दाखवला.

दुसऱ्या टोकावर वारा झोंबत होता. सुनेने बंदराकडे बघत सहज विचारलं, "बाबा, आज बावटा कोणता?"

मालकांनी गालावर वारा घेतला, लाटांचा आवाज ऐकला. "लाल," ते ठामपणे म्हणाले.

"बाबा, तो खांबच काढून टाकलाय. मागच्या महिन्यात."

मालकांनी मला बाजूला आडवं ठेवलं. ते खाली कातळावर बसले. सून रडवेली झाली. सरळच विचारायला हवं होतं, म्हणाली.

"सरळ विचारलं असतंस, तर सरळ खोटं बोललो असतो," मालक म्हणाले.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात त्यांना भिंती पुरतात, म्हणून मी दारामागे धूळ खात असते. सुट्टीच्या दिवशी सून आम्हाला त्या टोकावर नेते. परवा मालकांनी विचारलं, समुद्र कसा आहे? त्यांना बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "शांत आहे बाबा, निळाशार." माझ्याखालचा कातळ तर लाटांनी हादरत होता. मालकांनाही ते कळलं. ते एवढंच म्हणाले, "चल, घरी जाऊ."

मित्रांनो, ज्याला दिसत नाही त्याला हात जरूर द्या, पण गोड खोटं सांगू नका. खवळलेला असला तरी त्याला खरा समुद्रच हवा असतो.