मनगटावरच्या तीन रेघा

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण जिने पहिल्यांदा उच्चारली तिला धाकटी जाऊ असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी धाकटी तर दिसायलाही तिखट नाही. हळू बोलते, हसून बोलते, ‘ताई, ताई’ करत मागेमागे असते. अशा माणसावर जळायचं म्हणजे केवढी मेहनत लागते ते मला विचारा.

आमच्या घराची मागची खोली हाच आमचा कारखाना. एक लांब टेबल, खुंट्यांवर टांगलेल्या चामड्याच्या बारीक वाद्या, मण्यांच्या बरण्या, आणि टेबलाच्या कोपऱ्यात एक लाकडी मनगट. आम्ही गुंडाळायची ब्रेसलेटं बनवतो. वादीत मणी ओवायचे, मनगटाला दोन-तीन वेढे घ्यायचे आणि बांधायचं. हे सगळं सासूबाईंनी उभं केलं. नमुना कायम त्यांचा, आणि बसायची जागाही कायम तीच, खिडकीजवळची खुर्ची. तिथे दिवसभर उजेड असतो. नमुना जिचा तिची खुर्ची, बाकीच्यांनी दिव्याखाली बसून ओवायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दिव्याखाली बसते आहे.

यंदा सासूबाई म्हणाल्या, “माझी बोटं आखडायला लागली. या वेळचा नमुना तुमच्यापैकी एकीने करायचा. दुकानवाल्या बाईंचं म्हणणं एवढंच आहे, की घातलेलं जागच्या जागी राहिलं पाहिजे. जाड हाताला बसलं पाहिजे, बारीक हाताला बसलं पाहिजे, आणि सारखं तळहातावर घसरून येता कामा नये.”

“आणि खुर्ची?” मी विचारलं.

“जिचा नमुना तिची. यात विचारायचं काय?”

मी धाकटीकडे बघितलं. ती बरण्या पुसत होती. मला वाटलं, ही काय करणार? लग्नाआधी ही दवाखान्यात मलमपट्ट्या बांधायची. मणी कशाशी खातात हे तिला इथे येऊन कळलं, आणि तेही मीच शिकवलं.

मी जीव ओतून नमुना केला. तीन वेढे, मधल्या वेढ्यात मोठे निळे मणी, कडांना येईपर्यंत बारीक होत गेलेले, आणि टोकाला ओळीने पाच फास, म्हणजे हवं त्या मापाला बटण अडकवता येईल. लाकडी मनगटावर चढवलं तर असं बसलं की मीच स्वतःला शाबासकी दिली. टेबल हलवलं, मनगट उलटं केलं, ते जागचं ढळलं नाही.

धाकटीने लाकडी मनगटाला हातही लावला नाही. ती येता-जाता आमचीच मनगटं धरायची. माझं धरलं, सासूबाईंचं धरलं, दूध घालायला येणाऱ्या बाईंचंही धरलं. करंगळीच्या बाजूला मनगटाचं हाड वर आलेलं असतं ना, त्यावर अंगठा फिरवत बसायची. तिच्या नमुन्यात मणी मोजकेच होते. एक वेढा हाडाच्या वर, दोन वेढे हाडाच्या खाली, आणि आतल्या बाजूला वादी तिरकी जाऊन स्वतःलाच ओलांडायची. शेवटी एक गाठ, वादीचं टोक ओढलं की आवळणारी. बघायला अगदीच साधं. मी मनात म्हटलं, पट्टीच बांधली आहे, फक्त चामड्याची.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. नमुना जिने केला तिने तो घालून बघायचा नाही. सासूबाई म्हणतात, आपली वस्तू घातली की बाई हात जपून वापरते. म्हणून नमुना दुसरीच्या हातात जातो, आठवडाभर काढायचा नाही, आणि घरातली सगळी कामं त्याच हाताने करायची. म्हणजे माझं ब्रेसलेट धाकटीच्या हातात आणि धाकटीचं माझ्या. ही रीत ज्या दिवशी घातली त्या दिवशी सासूबाईंना दोन सुना नव्हत्या, एवढंच म्हणते.

मी ठरवलं, हे पाडायचंच. कणीक मळली, ती नेहमीच्या दुप्पट जोराने. चादरी काढून धुतल्या आणि पिळल्या. सतरंज्या गच्चीवर नेऊन झटकल्या. कपाट भिंतीपासून ओढून त्यामागची धूळ काढली. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “कुणी पाहुणे येणार आहेत का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग माझं काही चुकलंय का?”

इतकं केलं, पण ते मेलं हलायला तयार नाही. हात वर केला तरी तिथेच, खाली सोडला तरी तिथेच. त्या हाडाला धरून बसलं होतं. आणि समोर जेवायला बसलं की न हलणाऱ्या लाकडी मनगटावर पक्कं बसलेलं माझं निळं ब्रेसलेट धाकटीच्या तळहातावर घरंगळत यायचं. ती हनुवटीने ते वर ढकलायची, पुन्हा घास घ्यायची, पुन्हा ढकलायची. एका शब्दाने तक्रार नाही. तिने एकदा तरी वैतागून दाखवलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं.

आठवड्याच्या शेवटाला मात्र एक गंमत झाली. सकाळभर हात पाण्यात होता, दुपारी उन्हात कपडे वाळत घालताना वादी वाळली, आणि हाताला जरा सूज आल्यासारखं वाटलं म्हणून मी ती सैल करायला गेले. गाठ हलेना. वादी भिजून फुगलेली आणि वाळून आवळलेली, आणि एका हाताने ती सोडवायला काही धरायलाच नव्हतं. टोक ओढलं की ती आवळायची तेवढी. सैल करायला दुसरा माणूस हवा. शेवटी दात लावले, सुई घातली, तेव्हा कुठे केसभर ढिली झाली. आणि मला झटकन समजलं की धाकटीचं काय चुकलं होतं. पट्टी बांधायला तिला येते, पण पट्टी आपली आपण कुठे सोडतो? ती दुसराच कुणीतरी सोडतो, नाहीतर कातरीने कापतो.

मला आनंद झाला. उगाच कशाला खोटं बोलू, खूप आनंद झाला. हे सगळ्यांसमोर बोलायचं की गिळून टाकायचं, याचा मी दोन दिवस सुखाने विचार केला. बोलले तर ती सुधारणार. गिळलं तर नग दुकानात जाणार, आणि तिथून शिव्यांसकट परत येणार.

निकालाच्या दिवशी सासूबाई खिडकीत बसल्या आणि आम्ही दोघी समोर उभ्या राहिलो.

“बोल,” त्या आधी धाकटीला म्हणाल्या.

“सरकतं, आई. सारखं हातावर येतं,” धाकटी म्हणाली. “पण भाजी घ्यायला गेले तर दोघींनी विचारलं कुठून घेतलं म्हणून. दिसतं फार सुंदर.”

‘दिसतं सुंदर’ हे ती अशा काही मनापासून म्हणाली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

“हेही सरकतं,” मी म्हटलं. “आणि गोल फिरतं. काही विशेष नाही.”

“काढ बघू.”

मी हात पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी गाठ धरून सोडवली, त्या दिवशी वादी कोरडी होती म्हणून ती सुटलीही, आणि वेढे उलगडले. खाली माझ्या मनगटावर तीन तपकिरी रेघा होत्या. एक हाडाच्या वर, दोन खाली, पट्टीने आखाव्यात तशा. नमुन्याच्या वादीचा रंग आम्ही पक्का करत नाही, घामाने तो अंगाला लागतो, आणि ब्रेसलेट सरकणारं असलं तर सगळं मनगट मळकट होतं. धाकटीचं झालंच होतं तसं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. धाकटीला ते मीच शिकवलं होतं. पण जळणाऱ्या बाईला एवढं कुठे आठवतं! मी अक्षरशः हात दाखवून अवलक्षण केलं.

सासूबाईंनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. “हातच्या काकणाला आरसा कशाला,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर आधी हात घासून ये.”

मग त्या उठल्या आणि धाकटीला म्हणाल्या, “बस.” धाकटी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. मी दिव्याखाली गेले. गाठीचं एक अक्षर तोंडातून काढलं नाही. म्हटलं, जाऊ देत नग दुकानात, येऊ देत परत. मग बघू ती खुर्ची कुणाला टोचते.

धाकटीने पहिल्या खेपेच्या वाद्या कापायला घेतल्या, पण सासूबाईंना चैन कुठलं. “मीही घालून बघते,” म्हणाल्या आणि धाकटीने केलेला सगळ्यात चांगला नग हातात चढवला. दोन दिवस मिरवला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कामाच्या खोलीत आल्या, त्या डाव्या हाताने उजवं मनगट दाबत.

“अगं, हे सुटत नाहीये. हात जड झालाय.”

त्यांनी सकाळी भांडी घासली होती. मी मान वर केली नाही. धाकटी उठली, तिने गाठ नखाने ओढून बघितली, चिमटीत धरून बघितली. सासूबाईंची बोटं फुगली होती. त्यांनी ओठ आवळून धरले होते. धाकटीचा चेहरा उतरला. मग तिने टेबलावरची कातर उचलली. तिच्या हाताला तीच सवय.

मला हवं होतं ते नेमकं माझ्यासमोर घडत होतं. मी गप्प बसले असते तर पुरे होतं. पण कातरीचं पातं त्या वादीखाली जाताना माझ्याने बघवेना. इतकं बिनचूक बसलेलं काम. आठवडाभर मी त्याच्याशी कुस्ती खेळले होते, त्याचा वेढा न् वेढा मला पाठ होता.

“कापू नकोस!” मी ओरडले. “हो बाजूला.”

मी गाठीवर तेलाचं बोट लावलं, आतून सुई घातली, मागची वादी थोडी पुढे रेटली आणि गाठ सोडली. सासूबाई हात चोळत खाली बसल्या. धाकटी माझ्याकडे बघत राहिली.

“ताई, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“कारण मी तुझ्यावर जळते,” मी म्हटलं. “तू आलीस आणि माझी खुर्ची गेली. कळलं?”

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग आपल्या मनगटावरच्या लाल वळाकडे. मला रडू येत होतं, म्हणून मी बरण्यांकडे वळले. एका बरणीत लाकडी मणी होते, घट्ट भोकाचे. वादीची दोन्ही टोकं त्यातून नेली की ओढून आवळता येतं, आणि अंगठ्याने मणी मागे रेटला की एका हाताने सैल करता येतं. गाठच नको. मी टेबलाशी बसून तो मणी बसवला, नग पाण्यात बुडवला आणि उन्हात टाकला. वाळल्यावर अंगठा लावला, तर मणी सुरळीत मागे गेला.

“हे असं,” मी म्हटलं आणि ते धाकटीपुढे टाकलं. चांगुलपणा म्हणून नाही. गावभर बायकांच्या हातात जे जाणार, ते सगळंच्या सगळं हिचं असावं, हे मला सहन होईना.

दुकानवाल्या बाई माल न्यायला आल्या तेव्हा त्यांनी हात झटकून बघितला, मणी पुढेमागे करून बघितला, आणि खूश होऊन विचारलं, “डोकं कुणाचं हे?”

मी उत्तर तयार ठेवलं होतं. उदारपणे म्हणणार होते, ‘नमुना धाकटीचा, मणी तेवढा माझा.’ एकदा तरी मोठेपणा माझ्याकडे यावा. मी घसा साफ केला.

“दोघींचं,” धाकटी म्हणाली. “ताईंचा मणी नसता तर आईंच्या हातातून हे निघालंच नसतं.”

सगळ्या हसल्या. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. एवढंसुद्धा तिनेच आधी म्हणावं!

बाई गेल्यावर धाकटीने एक नग माझ्या हातात बांधला, मी नको म्हणेपर्यंत. रेघा अजून गेल्या नव्हत्या. वादी आपली त्यांच्यावर जाऊन बसली, वरची वर आणि खालच्या खाली. मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं, मणी अंगठ्याने सैल केला आणि पुन्हा आवळला.