चौलच्या टपरीवाल्याचं प्रतिज्ञापत्र

अलिबागच्या एका नोटरी वकिलांच्या कचेरीत कल्पिता टायपिंग करायची. त्या दिवशी सकाळपासून ती एकच प्रतिज्ञापत्र पुन्हा पुन्हा काढत होती. मजकूर तोच, फक्त नाव आणि गाव बदलायचं. सिगारेटच्या पाकिटावर पंच्याऐंशी टक्के जागेत इशारा आणि कर्करोगाचं चित्र छापायचा नियम आला होता आणि त्याविरुद्ध एक सिगारेट कंपनी कोर्टात गेली होती. छोटे दुकानदारही आपल्या बाजूने आहेत हे कोर्टाला दाखवायचं, म्हणून कंपनीचा सेल्समन हर्षद सोळा टपरीवाल्यांना गाडीत घालून घेऊन आला होता.

सहावा कागद काढताना कल्पिताचे हात थांबले. तिसऱ्या कलमात होतं, चित्र पाहून कोणीही सिगारेट सोडत नाही. सातव्यात होतं, चित्रामुळे माझा खप निम्म्यावर आला. आणि शेवटी, वरील मजकूर मला वाचून दाखवला व तो मला समजला. वाचून तर कोणालाच दाखवला नव्हता.

तिने वकीलसाहेबांना तसं सांगितलं. हर्षद म्हणाला, लोकांना टपऱ्या उघडायच्या आहेत, सह्या घ्या आणि सोडा. मोठं काम हातचं जाईल म्हणून साहेबही घुटमळले.

"साहेब, न वाचता 'वाचून दाखवला' असं मी टाइप करणार नाही," कल्पिता म्हणाली, आणि टपरीवाले बसले होते त्या बाकापाशी जाऊन मोठ्याने वाचू लागली.

बाकावर पहिलाच चौलचा दयाराम होता. वीस वर्षं त्याची नाक्यावर टपरी. त्याने तिसरं आणि सातवं कलम परत वाचायला लावलं.

"म्हंजे चित्राचा काय उपयोग न्हाय, आन् चित्रानंच माझा धंदा बसला. दोनातलं खरं कोनतं?" त्याने हर्षदला विचारलं.

ती वकिलांची भाषा असते, कंपनी तुमच्या पोटासाठीच भांडतेय, असं हर्षद म्हणाला.

त्यावर दयारामने सनी रिक्षावाल्याची गोष्ट सांगितली. सनी त्याचं रोजचं गिऱ्हाईक. हे चित्र नको, दुसरं असेल ते पाकीट दे, म्हणायचा. दयाराम शोधून द्यायचा. एके दिवशी सनीने पाकीट हातात घेतलं, बघितलं, परत ठेवलं आणि गेला, तो पुन्हा आलाच नाही. त्याने सिगारेटच सोडली, हे नंतर कळलं. गिऱ्हाईक तुटलं म्हणून दयाराम तेव्हा चिडला होता. आज त्याला त्या चिडण्याची लाज वाटली.

"पोरी, लिही," तो कल्पिताला म्हणाला. "चित्र बघून मानूस सोडतो. माझ्या टपरीवरचा एक सुटला. ह्याच्यावर मी सही करतो."

टपरीवरची कंपनीची छत्री आणि बोर्ड उद्याच काढून नेईन, असं हर्षदने बजावलं.

"ने. उन्हाची सवय हाय मला."

अकरा जणांनी कंपनीच्या कागदावर सह्या केल्या, पाच जणांनी केल्या नाहीत. त्या पाचांचं म्हणणं कल्पिताने वेगळं टाइप केलं, वाचून दाखवलं आणि आरोग्य खात्याला पाठवून दिलं. छत्री खरोखरच गेली. दयारामने सिगारेट विकणं अजून पूर्ण बंद केलेलं नाही, पण कोणी मागितली तर तो आधी चित्रावर बोट ठेवतो आणि मग देतो.

वाचकहो, चित्राने काहीच होत नसतं, तर ते लहान करून घ्यायला एवढी मोठी कंपनी कोर्टाची पायरी चढली असती का? तिला भांडायचं असेल तर तिने स्वतःच्या तोंडाने भांडावं. आपलं तोंड आपण तिला द्यायचं नाही. ना सिगारेटसाठी, ना साक्षीसाठी.