पाहुण्यापुरता उजेड

'फोटो उन्हात लावू नका' हे वाक्य फ्रेमवाल्याच्या तोंडात इतकं बसलं होतं, की गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरेपर्यंत तो ते दोनदा तरी ऐकवायचा. मग फोटो लग्नाचा असो, आजोबांचा असो, नाहीतर बक्षिसाचा कागद असो. कुणी म्हणालंच, "अहो, पण आमच्याकडे खिडकीसमोरचीच भिंत मोकळी आहे," तर त्याचे कान लाल व्हायचे. "मग खिडकी बंद ठेवा!" असं तो खुशाल सांगायचा. माणसं हसायची आणि घरी जाऊन नेमक्या त्याच भिंतीवर खिळा ठोकायची.

या वाक्याची सगळ्यांत जास्त टिंगल केली ती त्याच्या लेकीनं. बबडी म्हणायचे तिला. कॉलेजात गेली तरी बबडीच. शेवटच्या आजारात पलंगावरून उठणं बंद झालं, तेव्हा एका दुपारी तिनं उशीजवळच्या भिंतीवर स्केचपेनांनी बापाचं चित्र काढलं. जाड काळा चष्मा, विस्कटलेल्या जांभळ्या मिशा आणि सुपाएवढे लालभडक कान. खाली लिहिलं, 'फोटो उन्हात लावू नका हो!' भिंत खराब केली म्हणून तो ओरडायला आला आणि हसत सुटला. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

भिंतीवरचं चित्र काही उचलून नेता येत नाही. त्यानं जागच्या जागी त्यावर काच बसवली, भोवती बारीक लाकडी पट्टी मारली. स्केचपेनाचा रंग किती भरवशाचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. लाल सगळ्यांत आधी जातो, मग जांभळा, काळा तेवढा जरा तग धरतो. काच ऊन थोडंच अडवणार? म्हणून त्यानं खिडकीला काळ्या अस्तराचा जाड पडदा लावला आणि कडेनं चिकटपट्टीसुद्धा मारली. खोलीत दिवसाही चाचपडत जावं लागायचं.

त्याच खोलीत पाहुणा होता. हे बबडीनं कुंडीतल्या झाडाला ठेवलेलं नाव. कुठल्याशा लांबच्या, गरम, दमट जंगलातलं ते झाड. पानं ताटाएवढी आणि कात्रीनं कापल्यासारखी. "घरातली चांगली जागा अडवायची आणि काडीचं काम करायचं नाही. पाहुणा नाहीतर काय?" असं म्हणत ती ओल्या फडक्यानं त्याचं एकेक पान पुसायची.

फ्रेमवाल्याला वाटलं, पडद्याआड पाहुण्याचंही भलंच होईल. हिरवा हाही रंगच की. जपला की टिकेल. जन्मभर कागद सांभाळलेल्या माणसानं झाडालाही कागदच समजावं, यात नवल नाही. पण पाहुणा टिकेना. देठ लांबच लांब झाले, नवं पान आलं ते तळहाताएवढं, बिनकापाचं आणि पिवळट. जुनी पानं मान टाकू लागली.

बायको बालवाडीत बाई होती. कोमेजलेलं पोर तिला दारातूनच ओळखू यायचं.

"अहो, अंधारात मरतंय ते," ती म्हणाली. "पडदा काढा."

"रंग उडेल."

"तिनं वाढवलेलं, जिवंत असं हे एकच उरलंय आपल्याकडे."

"आणि तिनं काढलेलं ते एकच," भिंतीकडे बोट दाखवत तो म्हणाला.

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. घरात अबोला धरला गेला. दुसऱ्या खोलीत कुंडी न्यावी, तर तिथली खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून उभी. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. उजेडाची खिडकी घरात एकच.

मग बायकोनं गुपचूप आपलं चालू केलं. बालवाडी दुपारी सुटली की घरी यायचं, चिकटपट्टी सोडवून पडदा सारायचा आणि कुंडी सरळ खिडकीच्या कट्ट्यावर, टळटळीत उन्हात ठेवायची. इतके दिवस उपाशी राहिलाय, खाऊ दे पोटभर, असा तिचा हिशेब. नवरा यायच्या आत सगळं जागच्या जागी. ताकास तूर लागू दिली नाही तिनं.

पण पानांनी चहाडी केली. त्यांवर आधी पांढुरके आणि मग तपकिरी, कागदासारखे कडकडीत डाग पडले. संध्याकाळी फ्रेमवाल्यानं दिवा लावून पाहिलं आणि मग तो चटकन भिंतीकडे वळला. रागानं त्याचे कान लाल झाले होते. भिंतीवरचे मात्र गुलाबी झाले होते.

तो तोंड उघडणार, एवढ्यात बायको मटकन खाली बसली. "मीच जाळलं हो त्याला," ती म्हणाली. "उपाशी म्हणून वाढायला गेले आणि जाळून ठेवलं." ती हमसून हमसून रडू लागली आणि त्याच्या रागाचं पाणी झालं. तोही तिच्याशेजारी फरशीवर बसला. लेक गेल्यापासून दोघं असे शेजारी बसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक भाजलेलं पान घेऊन दोघं रोपवाटिकेत गेले. तिथल्या मालकीणबाईंनी पान उलटसुलट केलं.

"आधी अंधारात होतं?"

"हो," तो म्हणाला.

"आणि मग एकदम उन्हात?"

"हो," बायको म्हणाली.

"म्हणजे दोघांनी मिळून केलंय. अहो, याला उजेड हवा, ऊन नको. त्याच्या जंगलात वर उंच झाडं असतात, त्यांच्यातून गाळून येतो तेवढाच याच्या वाट्याला. खिडकीपासून जरा मागे ठेवा आणि मध्ये पातळ पांढरा पडदा लावा. पण रोज, दिवसभर हं. जगेल अजून."

"आणि तेवढ्या उजेडानं भिंतीवरचा रंग...?" फ्रेमवाल्यानं विचारलं. उत्तर त्याला तोंडपाठ होतं. बाई गोंधळून बघत राहिल्या. "काही नाही," म्हणत बायकोनं त्याला बाहेर आणलं.

उन्हानं रंग भराभर जातो, उजेडानं सावकाश जातो, पण जातोच. त्यानं चित्राच्या मापाची फळी कापून वर टेकवली. सकाळी काढायची, बघायचं, परत झाकायचं. तोंडावर चादर ओढायचं काम त्या खोलीत त्यानं एकदा केलं होतं. तेच रोज करणं त्याच्यानं होईना. मोबाइलमध्ये त्या चित्राचे ढीगभर फोटो होते. पण फोटोत चित्र येतं, हात येत नाही. मिशी काढताना तिचा हात थरथरला होता, पेन टेकवून ती दम घ्यायला थांबली होती आणि तिथे शाईचा ठिपका पसरला होता. तो ठिपका भिंतीवरच होता.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यानं कापडाच्या दुकानातून पातळ पांढरं कापड आणलं, स्वतः शिवलं आणि काळा पडदा उतरवला.

"अहो, चित्र जाईल," बायकोच म्हणाली.

"जाईल." तो स्टुलावरून उतरला. "तिला काढायचं होतं तेवढं तिनं काढलं गं. याला अजून वाढायचंय." एवढं बोलला आणि पाठ फिरवून बराच वेळ पडद्याच्या चुण्या सारख्या करत राहिला. त्या तशा सारख्याच होत्या.

त्यानंतर तो रोज दुकानात जायच्या आधी भिंतीसमोर उभा राही. कान गेले. मिशा राखाडी झाल्या, मग त्याही पुसट झाल्या. 'लावू नका हो' मधला 'हो' वाचायला काचेला नाक लावावं लागे. जळकी पानं तिनं कापून टाकली. कुंडीत एकच बरं पान उरलं होतं आणि दोघं त्याच्याकडे डोळे लावून बसले होते.

एका सकाळी तो बाहेरच्या खोलीत बूट घालत होता. बायको आत पाणी घालायला गेली होती.

"बबडे! अगं, इकडे ये लवकर! पान आलंय बघ, मोठ्ठं, कापाकापाचं!"

अगदी पूर्वीसारखी हाक होती ती, खणखणीत आणि आनंदाची. आणि मग आतून काहीच ऐकू येईना.

फ्रेमवाला एका हातात बूट धरून तसाच राहिला. हाक मारली गेली होती आणि ओ देणारं कुणी नव्हतं. बायको तिथे झारी घेऊन उभी असणार.

"आलो गं," तो मोठ्यानं म्हणाला आणि एका पायात बूट तसाच ठेवून आत गेला.