चपटं चाक

“काका, नखाने काय दाबून बघताय? टोमॅटो आहे का तो?”

चाकोबाने ओशाळून चाक काउंटरवर ठेवलं. चाक हातात आलं की अंगठ्याचं नख त्याच्या कडेला रुतवून बघायचं, ही त्याची बत्तीस वर्षांची सवय. इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून त्याची खोली होती. स्ट्रेचर, सलाइनचे स्टँड, जेवणाच्या ट्रॉल्या, सगळ्यांची चाकं तिथे बदलली जात. नख रुतलं तर चाक चांगलं. मऊ चाक जमिनीला धरून चालतं, आणि मुख्य म्हणजे आवाज करत नाही. “चाकोबा, सात नंबर रडतेय हो!” अशी नर्सने दारातून हाक मारायची, आणि तासाभरात सात नंबर गप्प व्हायची. चाकोबा हे नाव तिथलंच. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

हे दुकान मात्र स्केटबोर्डचं होतं. दुकानदार बाई चाळिशीची, केस बारीक कापलेली, दोन्ही कोपरांवर जुन्या खरचटण्याचे पांढरे व्रण.

“कुणासाठी हवीत चाकं?”

“बोर्ड मुलीचा आहे.” हे काही खोटं नव्हतं. पण चाकोबाला अर्धवट खरंही पचत नसे. “म्हणजे, शिकायचंय मला. वेगात असताना बोर्ड आडवा घालून थांबवतात ना, ते.”

“पॉवरस्लाइड?” बाईने हसू गालातल्या गालात ठेवलं. “वय किती?”

“अठ्ठावन्न.”

“आणि हाडं?”

“आजपर्यंत तरी आपापल्या जागी आहेत.”

आता ती मोकळेपणाने हसली. तिने दोन चाकं समोर मांडली. “हे अठ्ठ्याहत्तर. मऊ. खडबडीत रस्त्यावर नुसतं फिरायचं असेल तर झकास. पण आडवं घातलंत तर जमीन सोडत नाही. बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. हे नव्याण्णव. आकडा मोठा, तेवढं चाक कडक. हे घसरतं. तुमचा रस्ता कसा आहे?”

“गुळगुळीत. सिमेंटचा उतार आहे.”

“मग हेच घ्या.”

चाकोबाने नव्याण्णववर नख दाबलं. रुतलं नाही.

“बोर्ड थांबतो आणि माणूस पुढे जातो,” तो स्वतःशी पुटपुटला.

“काय म्हणालात?”

“काही नाही. कडकच द्या.”

*

तो उतार त्याच्या इमारतीसमोरच होता, रस्त्यापासून थेट फाटकापर्यंत. मुलगी कॉलेजात असताना रोज संध्याकाळी त्यावरून यायची. आधी लांबून घरघर, मग फाटकाशी एकच ‘खर्रर्र’, आणि मग जिन्याच्या पायरीपर्यंत टक टक टक टक. सारखं घसरून घसरून एक चाक एका बाजूला चपटं झालं होतं, त्याची ती टकटक. तेवढ्यावर बायको वर चहाचं आधण ठेवायची.

तळमजल्यावर निवृत्त शिक्षिका राहायच्या. एकदा जिन्यात त्यांनी चाकोबाला गाठलं. “तुमची मुलगी येते की मालगाडी हो?”

दुसरा कोणी असता तर ‘मुलगीच येते, पाच मिनिटं कळ काढा’ म्हणाला असता. चाकोबा पडला भिडस्त. शिवाय आवाज बंद करणं हा तर त्याच्या हातचा मळ. एका सुट्टीच्या दुपारी मुलगी झोपली असताना त्याने बोर्ड उलटा केला. चपटं चाक म्हणजे कामातून गेलेलं चाक, हा त्याच्या धंद्याचा नियम. चारही चाकं कचऱ्यात गेली. त्या जागी त्याने आपल्या पसंतीची उत्तम, मऊ, पांढरीशुभ्र चाकं बसवली.

“बाबा, ट्रॉलीची लावलीत की काय!” तिने बोर्ड हाताने पुढेमागे फिरवून पाहिला. “अगदी मांजराच्या पावलांनी चालतोय.” बापाचा उजळलेला चेहरा बघून ती पुढे काही बोलली नाही, तशीच घेऊन गेली.

संध्याकाळी चाकोबा मुद्दाम खिडकीत उभा राहिला. ती उतारावरून आली, आणि आवाज म्हणून नव्हता. त्याला केवढा अभिमान वाटला. फाटकाशी तिने सवयीने बोर्ड आडवा घातला. चाकांनी जमीन सोडली नाही.

मनगट दोन ठिकाणी मोडलं. इस्पितळात तिचं स्ट्रेचर चाकोबानेच ढकललं. संपूर्ण लांब वऱ्हांड्यात त्याच्या चाकांचा एवढासासुद्धा आवाज झाला नाही.

“माझंच चुकलं बाबा, सवयीने पाय मारला,” ती म्हणाली. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. बोर्ड माळ्यावर गेला. पुढच्या वर्षी ती नोकरीला दूरच्या शहरात गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. दर रविवारी दुपारी फोन येई. “बाबा, जेवलात?” “जेवलो. तू?” “जेवले. आईला द्या.”

तिने एकदा तरी भांडावं असं त्याला फार वाटे. आपणच माफी मागावी, तर आपण नेमकं काय मोडलं हे तरी कुठे ठाऊक होतं? न कळलेल्या गोष्टीची माफी मागणं म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करण्यासारखं. म्हणून त्याने बोर्ड खाली काढला.

*

“साठी जवळ आली, आता बुद्धी नाठी व्हायचीच राहिली होती,” बायको म्हणाली. पण जुन्या चादरीच्या घड्या घालून गुडघ्यांना बांधायला पट्ट्या तिनेच शिवून दिल्या.

दुकानदार बाई रविवारी सकाळी दुकानामागच्या आवारात शिकवायची. “वेग घ्या, काका! हळू गेलात तर कडक चाकही धरतं. भिऊन हळू जाणारा हमखास पडतो.”

चाकोबा वेग घ्यायचा, आणि वेळ आली की भ्यायचा. कोपर सोलवटलं, कंबर काळीनिळी झाली. इस्पितळात मलमपट्टी करताना नर्स म्हणाली, “काय हो, दुसऱ्यांच्या ट्रॉल्या दुरुस्त करता करता स्वतःच उलटलात?”

“आधी खांदे वळवा, मग कंबर, मग पाय,” दुकानदार बाई पुन्हा पुन्हा सांगे. “आणि वळताना अंगाचा भार उचला.”

भार उचलायचा म्हणजे काय, हे त्याला दोन महिने उमगलं नाही. एके दिवशी लिफ्टच्या दारात एक भरलेली ट्रॉली आडवी अडकली. सगळे तिला रेटत होते. चाकोबाने दांडा धरून तिला किंचित वर उचलल्यासारखं केलं, आणि त्याच क्षणी ढकललं. ट्रॉली अलगद बाजूला सरकली. हे तो बत्तीस वर्षं करत आला होता. फक्त हातांनी.

त्या रविवारी तो आवारात गेलाच नाही. आपल्याच उतारावर उभा राहिला. वेग घेतला. फाटक जवळ आलं तसे खांदे वळवले, गुडघ्यांतून अंग किंचित वर घेतलं, टाचा पुढे रेटल्या.

खर्रर्र.

बोर्ड आडवा, आणि तो बोर्डवर उभा. हातभर अंतर घसरला असेल, जास्त नाही. चाकोबा तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मग पुन्हा वर चढला.

रोज संध्याकाळी तो एवढंच करू लागला. दीड महिन्याने मागचं उजवं चाक बोलायला लागलं. टक टक टक टक. जिन्याच्या पायरीपर्यंत.

तळमजल्याची खिडकी उघडली. शिक्षिका बाई आता पार थकल्या होत्या. चष्मा शोधत, रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, “आली का हो ती?”

चाकोबाने बोर्ड उचलून काखेत घेतला. “नाही बाई. मीच आहे.”

“असं होय.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मला वाटलं, आली.”

खिडकी त्यांनी उघडीच ठेवली.

*

“बाबा, जेवलात?”

“जेवलो. थांब, ठेवू नकोस.” चाकोबाने फोन फरशीवर ठेवला आणि बोर्ड हाताने त्याच्या शेजारून हळूहळू ढकलत नेला. टक. टक. टक. टक. मग फोन कानाला लावला.

“कडक लावलीत?” तिने विचारलं.

“नव्याण्णव.”

“कोण चालवतं?”

“मीच. हातभर घसरतो. त्याहून जास्त नाही जमत.” त्याने बोर्ड जवळ ओढला. “तुला मी तेव्हा मऊ लावून दिली होती, बायो. मला ठाऊक नव्हतं.”

“मला ठाऊक होतं ना, बाबा.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. फोनसाठी तिने आज हात पुढे केला नाही.

“गुडघे वाकवता ना?” मुलीने विचारलं.

“वाकवतो.”

“एक चाक चपटं झालंय. मागचं वाटतं. बदलून टाका.”

“राहू दे,” चाकोबा म्हणाला.

यावर ‘आईला द्या’ असं ती म्हणाली नाही. तिला अजून ऐकायचं असेल की काय, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. त्याने फोन पुन्हा फरशीवर ठेवला, आणि बोर्ड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अगदी सावकाश, परत एकदा ढकलत नेला.