चाळीस काळ्या शेळ्यांतली मी

त्या सकाळी मी दारात उभी राहून ओरडले आणि आतून ओ आली नाही. पहिल्यांदा खटकलं ते तिथंच.

मी शेळी बोलतेय. निजामाच्या मुलखातल्या वाशीजवळच्या एका गावातल्या धुरपदाबाईंची. रंग काळा, पण त्यानं तुम्हाला काही कळायचं नाही, कारण इकडे आम्ही बहुतेक काळ्याच. चाळीस जणींत सगळ्यात भित्री ती मी, एवढी खूण पुरे. पान पडलं तरी दचकते. आता खुंट्याला बसून रवंथ करतेय, छातीतली धडधड बसली आहे, म्हणून नीट सांगता येईल.

रोज मी ओरडायचं आणि बाईंनी आतून ‘आले गं बाई, आले’ म्हणायचं, असा आमचा नेम. माझी आई बाजारात गेली तेव्हा मी तीन महिन्यांची होते. तेव्हापासून त्या आवाजावरच मी वाढले. पाला आमचा आम्ही शोधतो. दारात कुणी ओरडलं तर एक ओ द्यावी, एवढंच आमचं माणसांकडे मागणं.

पण चार दिवस बाई ज्वारीत माळ्यावर बसून पाखरं हाकलत होत्या. ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला. त्यांनी नुसता पाठीवरून हात फिरवला. हात म्हणजे ओ नव्हे. माझी वीस दिवसांची दोन करडं त्यांनी डालग्याखाली झाकली आणि मी अस्वस्थच रानात गेले.

निजामाचं राज्य होतं, जगात मोठी लढाई चालू होती. ज्वारी पिकली तरी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायची, त्यामुळे घरात माझं दूध हाच आधार होता.

रानात शांताक्का बसलेल्या. गुरुसिद्धप्पा दुकानदारांची लेक. हैदराबादेला कॉलेजात शिकायच्या, सुट्टीला आल्या की वही घेऊन आमच्यामागे. कोण आधी चरतं, कोण कुणामागं जातं, कोण कुणाला ओरडतं, सगळं लिहायच्या. सरडा हलला तरी त्यांच्या हातातली पेन्सिल पडे. म्हणून मला त्या आवडायच्या.

आम्हाला राखणारे बलभीमतात्या म्हणाले, “एवढं शिकून शेळ्याच राखायला आलीस व्हय गं अक्का?”

“राखत नाही तात्या, बघतेय.”

“म्या साठ वरसं बघतुय. मला न्हाय कुनी वही दिली.”

अक्का हसल्या. “करडं घरी आहेत, म्हणून ऊन कललं की आया आपणहून वळतात. त्या ओढीमुळं चाळिसांना तुम्ही एकटे पुरता. नाहीतर अजून चार माणसं लागली असती. मग त्यांच्या रानातली ज्वारी कुणी काढली असती?”

“म्हंजी माझं काम करडंच करत्यात म्हन की.”

तेवढ्यात खालच्या वाटेनं एक वरात आली. तेरखेड्याहून आणलेल्या शोभेच्या दारूचा बार उडाला. आधी कोण पळालं ते विचारू नका. मी पळाले आणि बाकीच्या माझ्यामागे आल्या. अंधार पडायच्या आत परक्या गावच्या ज्वारीत आम्ही सापडलो आणि तिथल्या कोंडवाड्यात पडलो. तिथं आधीच दुसऱ्या गावच्या शेळ्या होत्या. त्याही काळ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही गावची माणसं आली, अक्काही आल्या. कोंडवाड्याचे मुन्शी कपाळाला हात लावून म्हणाले, “सब की सब काली. कैसा पैचानना? जो बचेंगी, कल लिलाव में.”

अक्कांनी सुचवलं, मालकानं फाटकाशी उभं राहून हाक मारावी. जिला कळेल ती जाईल. एकेक हाक आली, एकेक शेळी गेली. माझ्या पाठीला लागून उभ्या असलेल्या पाठी कमी होत गेल्या.

बाईंची पाळी आली. डोक्यावर चुंबळ, पदर गळ्याला गुंडाळलेला. तुम्ही चेहऱ्यानं ओळखता, मी आवाजानं. त्यांनी तोंड उघडलं आणि पाचोळा घासल्यासारखं काहीतरी आलं. मी दचकून कोपऱ्यात गेले.

“बघा, लांब पळाली,” शेजारगावचे गुंडप्पा म्हणाले. “माझी हाय ती. कास बघा, पिलावाली. माझ्या घरी दोन पिलं उपाशी हायती.” माणूस खोटा नव्हता, त्यांचीही शेळी हरवली होती. त्यांनी हाक मारली. त्या आवाजाकडेही माझे पाय वळले नाहीत.

“दोनों के पास नै जा री,” मुन्शी म्हणाले. “लिलाव.”

बाईंचे ओठ हलले, आवाज नाही. तेव्हा अक्का पुढं झाल्या.

“मुन्शीसाहेब, बाई हिला हाक मारतच नाहीत. ही हाक मारते, बाई ओ देतात. महिनाभर लिहिलंय मी.” मग त्यांची नजर चुंबळीवर गेली. “बाई, करडांचं डालगं आणलंत?”

बाईंनी बाहेरच्या लिंबाखालच्या डालग्याकडं बोट केलं.

“भिंतीला आणून ठेवा. गुंडप्पाकाका, परकी करडं ओ देत नाहीत. हिची असतील तरच देतील. आता कुणी बोलू नका.”

“आन् न्हाय दिली तर?”

“तर तुम्ही न्या,” अक्का म्हणाल्या. बाईंनी एकदम त्यांचा हात धरला.

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी तोंड उघडलंच नाही. मुन्शींनी किल्ल्या वाजवल्या, मी भिंतीला चिकटले. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. ही आमची घरी वळायची वेळ. कालपासूनच्या दुधानं कास ठणकत होती.

मी ओरडले.

काही नाही. ती सकाळ आठवली, तेच दार, तीच शांतता. गुंडप्पांनी मला न्यायला कमरेची दोरी सोडायला घेतली. अक्कांनी डोळे मिटून घेतले.

मी पुन्हा ओरडले, आवाज फाटेपर्यंत. आणि भिंतीच्या मुळाशी, डालग्याच्या कामट्यांआडून, दोन बारीक भुकेल्या आवाजांनी एकदमच ओ दिली.